गडग्यावरची टोपली

आमच्या श्रीवर्धनात बायकांनी काही नवीन काढलं की पुरुषांच्या पोटात दुखायला लागतं. मंगळागौरीला नाही दुखत, कारण ती घरात असते.

हा खेळ आणला प्रणालीनं, शेजारच्या रावजीभाऊंच्या सुनेनं. कॉलेजात शिकून आली होती. डिस्क गोल्फ म्हणतात. लोखंडी दांड्यावर टोपली, तिच्यावर साखळ्या टांगलेल्या. लांबून प्लास्टिकची तबकडी फेकायची, ती साखळ्यांना आपटून टोपलीत पडली पाहिजे. नाही पडली, तर तबकडी जिथं असेल तिथं आपण जायचं आणि तिथूनच पुढची फेक. फेकी कमी लागतील ती जिंकली. आळीतल्या बायकांना तिनंच शिकवलं, सुपारीच्या वाड्यांतून टोपल्यांची वाट तिनंच आखली आणि स्पर्धाही तिनंच ठरवली. पंच मी, सगुणा. माझा आवाज खाडीपलीकडे जातो म्हणून.

शेवटची टोपली रावजीभाऊंच्या वाडीत होती. पोरासोरांचा खेळ समजून ते हो म्हणाले होते. सूनच खेळणार, हे आदल्या दिवशी कळलं आणि स्पर्धेच्या सकाळी वाडीच्या फाटकाला कुलूप! टोपली उपटून माझ्या वाडीत भिरकावलेली. प्रणाली आत, आम्ही बाहेर.

माझं डोकंच फिरलं. "क्रिकेटच्या स्पर्धेत चार दिवस लाउडस्पीकर बोंबलतो, तेव्हा तुमचं कुलूप कुठं असतं हो?"

"आमच्या घरातल्या सुना ताटल्या फेकत न्हाय फिरत," रावजीभाऊ आतून म्हणाले. "माझ्या वाडीत टोपली लागायची न्हाय."

"नका लावू!" म्हणत मी टोपली उचलली, दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्यावर चढवली आणि दांडा दगडांत घट्ट रोवला.

"गडगा माझा हाय!"

"अर्धा! वादळात पडला तेव्हा दगड दोन्ही घरांनी मिळून रचले. तुमच्या अर्ध्याला हात लावला असला तर सांगा."

एका टोपलीपाशी गर्दी नको म्हणून आमची प्रत्येक टोळी वेगळ्या टोपलीपासून सुरुवात करते. प्रणालीच्या टोळीची सुरुवात याच टोपलीपासून. तिच्या जोडीदारणींनी इकडून फेकून घेतलं. मग सगळ्या गडग्याला टेकून उभ्या राहिल्या आणि ओरडू लागल्या, "प्रणाली! प्रणाली!" अख्खी आळी गोळा झाली.

रावजीभाऊ वैतागले. "एक फेक. फेक आनि घरात चल. वाडीबाहेर पाऊल टाकायचं न्हाय."

प्रणाली विहिरीपाशी उभी राहिली. साडी नेसायला लावलेली. टोपली समोर, एवढीशी लांब. डोळे मिटून टाकली असती तरी तिनं ती घातली असती. तिनं हात मागं घेतला आणि फेकलं. तबकडी टोपलीच्या हातभर वरून सूं करत गेली ती थेट माझ्या वाडीत, पार पायवाटेपलीकडे.

"अगं बाई, चुकली!" मी कपाळावर हात मारला. एवढं भांडून काय उपयोग झाला? मला रडूच आलं.

रावजीभाऊ हसले. "झालं? चल आता."

प्रणाली घराकडे वळलीच नाही. सरळ गडग्याकडे आली आणि दगडावर पाय ठेवला.

"कुठं निघालीस?"

"तबकडी तिकडं पडलीय बाबा. जिथं तबकडी, तिथं मी. नियमच आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चुकली कसली, डँबिस पोरगी! मी हातातली शिट्टी जोरात फुंकली. "पंचांचा निर्णय! खेळाडू इकडं आलीच पाहिजे!"

रावजीभाऊ तिला अडवायला धावले. तेवढ्यात मागच्या दारातून त्यांची बायको, कोकिळावहिनी, बाहेर आली. जन्मात नवऱ्यापुढं मोठ्यानं न बोललेली बाई. आता ही पण ओढणार, म्हणून मी पदर खोचला.

"प्रणाली!" वहिनी कडाडली. "निऱ्या वर खोच आधी. अडखळशील ना!"