भाऊरावची उरलेली झोप

"भूत ही वस्तू जगात नाही. होती ती छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात सोडून आलो आपण," असं देवाजीने एका सकाळी भिलाईच्या कॅम्प-वनमधली खोल्यांची अख्खी ओळ ऐकेल अशा आवाजात जाहीर केलं. मग रात्रपाळीचे बूट काढून तो खाटेच्या अगदी कडेला, पाठीत लाकूड रुतवून, आडवा झाला. मधली जागा रिकामी राहिली. बरोब्बर एका माणसापुरती.

खाट गिरजाबाईची. ती कारखान्याच्या माणसांना डबा द्यायची आणि डब्यासोबत खाटही. एका खाटेवर तीन माणसं, तीन पाळ्यांची. एक उठून ड्यूटीवर गेला की दुसरा पडायचा. सुतळी कधी थंड व्हायची नाही. सकाळी सात ते दुपारी तीन ही वेळ भाऊरावची होती.

भाऊरावने चार महिने डबल ड्यूटी केली. चैत्रात एका सकाळी तो खाटेवर पडला तो तीन वाजता उठेना. गिरजाबाई त्याला हलवायला निघाली, तर तीननंतर ज्याची खाट होती तो देवाजीच म्हणाला, "झोपू द्या मावशी. कितीक दिवसानं झोपला बिचारा." पाच वाजले, तरी देवाजी म्हणाला, झोपू द्या. सहा वाजता हात लावला तेव्हा भाऊराव गार होता.

पुढच्या महिन्यात पाळ्या बदलल्या आणि भाऊरावची वेळ देवाजीला आली.

देवाजी क्रेनवर होता. मिलचं छप्पर चढत होतं आणि लोखंडी तुळया उचलून वर नेणं हे त्याचं काम. अठरा दिवस कडेवर झोपल्यावर एकोणिसाव्या दिवशी हात लिव्हरवर असतानाच त्याचे डोळे मिटले. तुळई दोन फिटरांच्या डोक्यावर झुलली आणि वीतभर अंतरावरून गेली. सुपरवायझरने त्याला खाली उतरवलं. म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आण, शनिवारपर्यंत. नाहीतर क्रेन विसर. देवाजीला क्रेनपेक्षा त्या दोन डोक्यांचीच आठवण जास्त येत होती.

"झाडफूक करते त्या बैगाले दाखव," गिरजाबाई म्हणाली. "निंबू उतरवून देईल."

"आमी मानत नाही ते."

"मंग कडेवर कावून झोपतं?"

"सवय आहे, मावशी."

डॉक्टर बंगाली होते. त्यांच्याकडे झोपेत मेंदूच्या लहरी टिपणारं नवीन मशीन आलं होतं आणि कोणावर तरी ते चालवून पाहायला डॉक्टर उतावीळ झाले होते. देवाजीच्या डोक्याला तारा चिकटवून त्यांनी त्याला सकाळी नऊ वाजता पलंगावर निजवलं. पलंग दोघांना पुरेल एवढा होता. देवाजी कडेला झोपला.

दोन तासांनी डॉक्टरांनी कागदाची लांबलचक पट्टी टेबलावर पसरली.

"देखो. ये घास जैसा बारीक-बारीक, ये कच्ची नींद. पक्की नींद में दिमाग की लहर धीमी हो जाती है, पहाड़ जैसी ऊँची. शरीर की असली मरम्मत उसी में होती है. तुम्हारा तो पूरा घास है. चौकीदार के माफिक सोते हो. किसका पहरा देते हो?"

देवाजी पट्टीचं शेवटचं टोक पाहत होता. तिथे गवत संपलं होतं आणि डोंगर लागले होते. मोठे, संथ, एकामागून एक, हातभर कागदावर.

"ये कब का है, साब?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पट्टीवरची वेळ पाहिली. मग पुन्हा चष्मा पुसला.

"उस टाइम तो तुम बैठ के पानी पी रहे थे."

"जी."

"तार ढीला हो गया होगा," डॉक्टर म्हणाले आणि तेवढा तुकडा फाडून टोपलीत टाकला. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, शनिवारी पुन्हा तपासणी. तोंडाने सांगितलं, "बीच में सोया करो."

देवाजी चालत घरी आला. उन्हात, सावकाश. एवढी पक्की झोप त्याने आयुष्यात एकाच माणसाची पाहिली होती, आणि त्या माणसाला झोपू द्या असं त्यानेच दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची वेळच आली नाही.

खाट रिकामी होती. मधोमध सुतळी खाली गेलेली, कोणी निजल्यावर जाते तशी. त्याने हात लावून पाहिला. गरम लागली. आता मे महिन्यात भिलाईत गरम नसलेली जागा दाखवा म्हणावं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण कडेचं लाकूड गार होतं, हे काही त्याला समजावता आलं नाही.

तो खाटेशी उकिडवा बसला.

"भाऊराव," शेवटी तो हळूच म्हणाला. "म्या तुले उठवाले पायजे होतं. नाही उठवलं. आता तू झोप. पण माह्या क्रेनखाली दोन माणसं उभी राह्यते गा. मलेही झोपू दे."

आणि भूत न मानणारा देवाजी अंग चोरून, माफी मागितल्यासारखा, खाटेच्या मधोमध आडवा झाला. सुतळी दोघांच्या वजनाने कुरकुरली. त्याच्या पाठीला उबदार पाठ लागली. मग त्या दुसऱ्या पाठीच्या संथ चढउतारात त्याचा श्वास मिसळत गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो खोल, खोल उतरला, जिथे आवाज पोचत नाहीत.

एक आवाज तरी पोचला. अगदी कानाशी, झोपमोड झालेल्या माणसाचा.

"देवाजी, जरा कुशीवर होय ना गा. लय घोरून राह्यला तू."