ढिली फळी

पालथा.

तोंड टेबलाच्या भोकात. भोकातून दिसतात ते फक्त मणकेवाल्या बाईंचे कापडी बूट. बायको कोपऱ्यात स्टुलावर बसलीय. ती दिसत नाही, तिचे सुस्कारे ऐकू येतात.

"श्वास सोडा," बाई म्हणतात. मनगटं काडीसारखी. तळवा माझ्या कमरेवर टेकतो आणि

खाड्!

"आला ना आवाज?" बायको खूश.

आला. पण कुठून? मी सुतार आहे. लाकूड कधी बोलतं आणि कधी गप्प बसतं, यातच जन्म गेला. हे हाड नव्हे. माझ्या कमरेखालची फळी बोटभर खाली बसली, तिचा हा आवाज. पाणी कुठंतरी मुरतंय.

कुशीवर.

भिंतीवर मणक्यांचं चित्र. कुणीतरी खालच्या मणक्याला पेनानं मिशा काढल्यात.

मागच्या आठवड्यात मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही आता खुर्चीत बसून हुकूम सोडा. रंधा मी बघतो." रंधा म्हणजे माझा अख्खा कारखाना. ज्याला पटाशीची धार लावता येत नाही, तो म्हणतो हे! रागाच्या भरात मीही बोलून बसलो: शनिवारी गोल जिन्याची शेवटची पायरी मी स्वतः उचलून बसवीन, नाहीतर कारखान्याची किल्ली तुझी.

तेव्हा उठताना भिंत धरायला लागायची. इथं यायला लागल्यापासून लागत नाही, हे खरं. पण कुणामुळे?

"बाई, ही दुखणी आपोआपही उतरतात का हो?"

"पुष्कळांची उतरतात. मी जरा हातभार लावते."

"बघ, कबूल करतायत!" मी बायकोला म्हणालो.

"खरं बोलणाऱ्यावरही संशय! आईच्या पोटातून बाहेर येतानासुद्धा आधी बिजागऱ्या तपासल्या असतील तुम्ही."

उभा.

बाई हात धुवायला आत गेल्या. मी भिंत न धरता वाकलो. फळीखाली बिजागरी, स्प्रिंग, बाजूला पेच. पेच ढिला. पेचकस माझ्या खिशात असतोच.

"अहो, काय करताय?"

"फळीचं तोंड बंद करतोय. मग बघू, कंबर बोलते का."

गच्च आवळला.

पालथा, पुन्हा.

"श्वास सोडा."

तळवा टेकला. फळी हलली नाही. सगळा धक्का माझ्या

आई गं!

हात तत्काळ उचलला गेला. कापडी बूट टेबलाच्या कडेला गेले, थांबले.

"पेचाला हात कुणी लावला?"

बायकोचा सुस्कारा.

"ढिला होता," मी भोकातून म्हणालो.

"तुमच्या वजनाला ढिला ठेवलेला. फळी खाली जाते, म्हणून जोर कमी लागतो."

"म्हणजे आवाज फळीचाच."

"फळीचाच."

"सांगितलं नाहीत."

बूट जरा मागे सरकले. "ताईंना वाटलं, हाड बोललं. मी अडवलं नाही. आवाज आला की माणसं सैल पडतात."

उताणा.

बाईंनी एकेक पाय उचलून पाहिला, बोटं हलवायला लावली. कळ आली तशी गेली. माझं नशीब.

"किती आवळला होतात?"

"रागात होतो. मोजलं नाही."

"मग लावा आता पूर्वीसारखा."

उठलो. फळीवर हात दाबत पेच सोडत गेलो. गप्प. अजून थोडा. गप्प. अजून.

खाड्!

तोच आवाज. बाईंनीही दाबून पाहिलं, मान हलवली.

"आज राहू द्यायचं?" त्यांनी विचारलं.

शनिवार परवावर आला होता. त्या काडीसारख्या मनगटांकडे बघितलं. फळीकडे बघितलं. बाई आणि फळी, दोघींनी मला फसवलं होतं, आणि दोघींवाचून माझी पायरी उचलली जाणार नव्हती.

पालथा झालो. बायकोनं माझ्या मुठीतून पेचकस काढून घेतला.

"श्वास सोडा," बाई म्हणाल्या.

मी अर्धाच सोडला.