काळ्या फितीची टोपली

सकाळी सव्वासहा वाजता केझायानं घराच्या किल्लीनं माझ्या अंगावर टकटक केलं, आणि तिथून माझ्या लाजेला सुरुवात झाली.

मी मधमाश्यांची टोपली बोलतेय. केझायाशी लग्न झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात एबलनं चुलीपुढे बसून गव्हाच्या पेंढ्याची मला विणली आणि सफरचंदाच्या झाडाखाली दगडावर उपडी ठेवली. आमच्या नेदरकोम गावात घरातली मोठी बातमी आधी घराच्या किल्लीनं टोपली वाजवून माश्यांना सांगतात. लग्न, बाळंतपण, मरण. मरण सांगायचं राहिलं, किंवा खोटं सांगितलं, तर माश्या रुसून निघून जातात.

आदल्या संध्याकाळी जेथ्रो गाडीवाला खाणीवरून एबलची टोपी घेऊन आला. दरड कोसळली, टोपीच तेवढी सापडली म्हणाला. केझाया बाळाला घट्ट धरून बसली. नीट कळू दे, मग सांगते, असं तिचं चाललं होतं. पण सासू टॅमसिन म्हणाली, नवरा गेलाच, आता माश्याही घालवतेस का?

म्हणून सकाळी केझायानं मला काळी फीत बांधली आणि वाकून म्हणाली, "तुमचा मालक गेला गं. आता मीच आहे. मला सोडून जाऊ नका."

आतली गुणगुण एकदम थांबली.

दुपारी एबल लंगडत फाटकातून आला. मोडलेला पाय बांधून घ्यायला शेजारच्या गावी राहिला होता. फीत बघून त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

टॅमसिन म्हणाली, "तूच."

एबल पोट धरून हसला. मग सारं गाव हसलं. कुंपणापलीकडून बायका विचारायच्या, "काय मालकीणबाई, नवऱ्याला जेवायला वाढलंस, की आधी माश्यांना विचारायचंय?"

पाय बरा होईपर्यंत एबलला खाणीवर जाता येणार नव्हतं. हिवाळा मधावरच काढायचा होता. जा, खरं सांगून ये, असं तो रोज म्हणायचा. ती किल्ली घेऊन निघायची, कुंपणाशी कुणी खुसखुसलं की किल्ली खिशात दडवायची आणि कोबीवरच्या अळ्या वेचत बसायची. मला एबलचा आवाज ऐकू येत होता. पण माश्या माणसाच्या शब्दावर चालतात, टोपलीच्या नाही.

रविवारी गाव चर्चमध्ये असताना ती बाळाला कडेवर घेऊन धावत आली. किल्ली वाजवली. आवाज पोकळ आला. माश्या सकाळीच उठून गेल्या होत्या.

तरी ती खरं काय ते बोलली. चर्चमधून परतणाऱ्यांनाही ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

आता बाळ माझ्या आत हात घालून बघतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुमच्या परसात, एखाद्या ढोलीत, पाहुण्या माश्या दिसल्या तर वाकून एवढं सांगा: एबल जिवंत आहे. केझाया खोटं बोलली नव्हती, नुसती लाजली होती. आणि नाहीच दिसल्या, तर पुढच्या गावाला सांगून ठेवा.