बर्फातल्या चिठ्ठीचा भाग

उपेंद्रने टीव्हीसमोर लॅपटॉप उघडून तक्ता मांडला, तेव्हाच व्यासराजांचं डोकं फिरलं. सव्वीस भाग, प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी प्रत्येकाने आपले आवडते पाच निवडायचे. जावई सांगलीचा, नोकरी इकडे तमिळ मुलखात, पेरुंगुडीत, आयटीमध्ये. त्याला विरंगुळासुद्धा रकाने पाडून लागायचा.

'गुप्त डाक' ही कॅप्टन समर नावाच्या हेराची जुनी हिंदी मालिका कुणीतरी इंटरनेटवर चढवली होती. चाळीस वर्षांपूर्वी दर रविवारी सकाळी, अंबत्तूरच्या घरात, व्यासराजांनी ती बायकोला, कनकाबाईंना, समजावून सांगितली होती. कनकाबाई तंजावरच्या मराठी घरातल्या, तमिळ शाळेत शिक्षिका. हिंदीचा त्यांना गंध नव्हता. व्यासराज मात्र बँकेची हिंदीची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेले. ती त्यांनी निव्वळ पाठांतरावर मारून नेली होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. 'उपरोक्त विषय के संदर्भ में' याच्या पुढे त्यांची हिंदी सरकत नसे. पडद्यावरची माणसं भराभर बोलत, कनकाबाई "काय म्हणतो तो?" विचारत आणि व्यासराज सुचेल ते ठोकून देत.

आता तीच मालिका लेकीच्या घरात लागली होती आणि शेजारी उत्तम हिंदी येणारा जावई बसला होता. चाळीस वर्षांची अब्रू त्याच्या हातात होती, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"अम्मा, तुमचा आवडता कुठला?" उपेंद्रने सासूबाईंना विचारलं.

"बर्फाचा," कनकाबाई म्हणाल्या. "समर शत्रूच्या कैद्याची चिठ्ठी त्याच्या म्हाताऱ्या आईस नेऊन देतो, तो. मी शाळेत दरसाल पोरांना सांगत होतें."

"एकोणिसावा असणार."

"तो नको. प्रत खराब आहे त्याची," व्यासराज म्हणाले.

"एकदम स्वच्छ आहे, अप्पा. मी सगळ्या तपासल्यात."

तपासणारच. या माणसाला कधी काही तपासायचं राहत कसं नाही?

"जेवून बघू."

"आत्ताच तर जेवलो."

भाग सुरू झाला. कुणी न सांगता उपेंद्र वाक्यावाक्याचा अर्थ सांगू लागला. पडद्यावर बर्फ, एक झोपडी, दारात कॅप्टन समर. त्याने पाकीट पुढे केलं. म्हातारीने ते घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"ही त्याची आई," कनकाबाई म्हणाल्या. त्यांचाही पदर डोळ्यांशी गेला.

"नाही अम्मा, ही शत्रूची एजंट. पाकिटात खोटा नकाशा आहे. चुलीचा धूर गेलाय तिच्या डोळ्यांत, तेच बोलतेय."

"मग चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाहीच. या भागात कैदीसुद्धा नाही."

कनकाबाई वळून नवऱ्याकडे पाहू लागल्या. उपेंद्रच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. "दुसऱ्या एखाद्या भागात असेल," तो घाईने म्हणाला. त्याची ही उशिरा उगवलेली माणुसकी व्यासराजांना सर्वांत जास्त झोंबली.

"कुठल्याच भागात नाही," ते म्हणाले. "मज हिंदी येत नव्हती. अजून येत नाही."

"बँकेची परीक्षा?" कनकाबाईंनी विचारलं.

"पाठ केली होती."

"सव्वीसच्या सव्वीस भाग?"

"दुसऱ्यात एकदा विमान येतं, तेवढं खरं."

कनकाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी जरा जोरात वाजली. परतल्या त्या कॉफीचे दोनच पेले घेऊन. एक जावयाला दिला, दुसरा स्वतः घेतला.

"एकवीस वर्षं मी पोरांस ती गोष्ट खरी म्हणून सांगितली," त्या बसत म्हणाल्या. "टीव्हीवर दाखवली म्हणून सांगितली."



"माप्पिळ्ळै," त्या जावयाला म्हणाल्या, "हा भाग परत पहिल्यापासून लावा. आवाज बंद करा. आणि तुमी अर्थ सांगू नका. हे सांगतील."

पुन्हा बर्फ पडू लागला. व्यासराजांनी घसा साफ केला. काही म्हणजे काही आठवेना.

"समर... पोस्टात जातो," त्यांनी सुरुवात केली.

"पोस्टात न्हवे. आधी त्याचा घोडा मरतो."

"कुठला घोडा?"

"तुमीच मारला होतांत," कनकाबाई वैतागून म्हणाल्या. "मी दोन दिवस नीट जेवलें नव्हतें. घोड्यापासून सांगा."