बाहुलीची खाट

या वं बायांनो, सतरंजीवर अशा पुढं सरा. बुवांचा तबला लागायचाय, तोवर एक आख्यान मी सांगते. पोथीतलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं.

एकसष्ट साली माझी जाऊ नलू दवाखान्यात होती, मी तिच्या उशाशी. शेजारच्या खाटेवर एक बाहुली निजलेली. माणसाएवढी, कापडाची. नर्सिंगच्या पोरींनी तिच्यावर हात बसवायचा : अंग पुसायचं, कूस बदलायची, चादर ताणून घालायची. अन् तिच्या खाटेजवळ, उघड्या फरशीवर, राजूरची रुखमाबाई. चुलीत पदर पेटून पाठ भाजलेली. पू गळे, माशा बसत. खाट मागितली तर बड्या सिस्टर म्हणाल्या, "आधी पोरींची परीक्षा होऊ द्या. चादर घाण होते."

बाहुलीला मात्र रोज वासाचा साबण! मी देवाला न्हाऊ घालणारी बाई. पण ते न्हाणं दिसलं की मी तोंड फिरवायची.

परीक्षेच्या सकाळी त्या पोरींतली मारेगावची सत्यशीला मेश्राम पुढं आली. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, मजुरी करून पोर शिकवलेली. पास झाली असती तर घरातली पहिली नोकरी तिची. तिनं बाहुली उचलून भिंतीशी बसवली.

"काकू, पायाकडून धरा जरा."

आम्ही रुखमाबाईला खाटेवर पालथं निजवलं.

"कायले वं पोरी," ती कण्हली, "नापास करतीन तुले."

"करू दे, माय. दुखलं तं सांगजो. थे बाहुली कधी सांगतच नाही."

ती हलक्या हातानं पाठ धूत होती, तेवढ्यात परीक्षक आले. नाकाला रुमाल.

"बाहुली कुठंय?"

"तिले बरं वाटलं साहेब, उठून बसली."

सारा वार्ड हसला. साहेब नाही हसले.

"हिला खाली ठेव अन् बाहुलीवर करून दाखव. नाही तर शून्य."

"खाली नाही ठेवत."

शून्य मिळालं. सिस्टरनं तिला वार्डाबाहेर काढलं, रुखमाबाईला पुन्हा फरशीवर. चादर बदलली, बाहुली निजवली. साहेबांनी तिच्या गालावर थाप मारली : "छान जपलीय हो!" मग ओसरीत बसून पुऱ्या खाल्ल्या.

थू!

नलूनं आपली खाट सोडली, रुखमाबाईला तिथं घेतलं. पण फार उशीर झालेला. रुखमाबाई गेली.

सत्यशीला संध्याकाळी ट्रंक घेऊन मोटारीत बसली. पुढं कुठं गेली, कळलं नाही. बायांनो, देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या पोरीची आठवण असू द्या.