बिनदोऱ्याची शिवण

मी एक जुने, पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, पायडल कुरकुरते, पण आठवण पक्की आहे. कधी कधी वाटते, तीच आधी गेली असती तर बरे झाले असते.

सैनिकांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात माझे तारुण्य गेले. तिथे प्रत्येकीने आपापले मशीन घरून आणायचे, असा रिवाज होता. तिथे शिवणाऱ्या वीस जणी होत्या. माझ्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. तिच्याकडे खिशांचे काम होते. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांत ती टाक्यांचा बारीक त्रिकोण घाली. मुकादम म्हणत, "कापड फाटेल, पण मावशींचा खिसा उसवायचा नाही." हे ऐकून मावशीपेक्षा मीच जास्त फुगत असे.

मग युद्ध सुरू झाले. काही महिन्यांनी वापरलेल्या, धुतलेल्या गणवेशांचे गठ्ठे दुरुस्तीला आले. मावशीने एक शर्ट उलगडला. तिचा खिसा जसाच्या तसा होता. त्याच्या बोटभर वर एक भोक होते, कडा जळालेल्या.

"ठिगळ लावा. पुढच्या तुकडीला द्यायचेत," मुकादम म्हणाले.

"पुढच्या तुकडीत माझा पोरगा आहे," मावशी म्हणाली आणि तिने सुईतला दोरा ओढून काढला.

दुसऱ्या दिवशी विसाही जणींनी आम्हाला हातगाड्यांवर घालून भरती कचेरीसमोरच्या फुटपाथवर मांडले. युद्ध थांबेपर्यंत गणवेशाला एक टाकाही घालायचा नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. कापड नाही, दोरा नाही, नुसते पायडल मारत त्या दिवसभर बसत. कचेरीतला साहेब वैतागून बाहेर आला.

"अहो, शिवताय तरी काय?"

त्यांच्यातली बटणांची काजे करणारी बाई जिभेची तिखट. "लढाईच्या तोंडाला टाके घालतोय, साहेब. फारच वासलंय."

पोलिसांनी काठ्या आपटल्या, दोघींना फरफटत नेले. कुणीही उलट हात उचलला नाही. सुटल्यावर त्या दोघी परत येऊन बसल्या.

दहाव्या दिवशी मावशीचा मुलगा आला, नवा गणवेश घालून.

"आई, बाही लांब झालीय गं. बंदूक धरताना मध्ये येते. तेवढी आखूड करून देतेस?"

"नको जाऊस रे."

"नाही गेलो तर धरून नेतील."

मावशीने त्याची बाही चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाली, "काढ शर्ट."

दोन-तीनदा करूनही तिच्याकडून सुईत दोरा जाईना. शेवटी काजेवालीने तो ओवून दिला. बाकीची मशिने थांबली. कुणी शपथेचे नावही काढले नाही. शिवण सरळ आली. माझी सुई मोडावी, असे मला फार वाटत होते, पण मोडली नाही.

तो गेला. मावशीने दोरा काढला आणि पुन्हा पायडल मारू लागली. सहा आठवड्यांनी त्याच्या मृत्यूची चिठ्ठी तिला तिथेच मिळाली. युद्ध त्यानंतर वर्षभर चालले. तीही वर्षभर बसली.

आता मावशी नाही. मी अडगळीत आहे. मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणणार नाही. त्या फुटपाथवरून रोज शेकडो माणसे जात. कुणी हसे, कुणी हळहळे, कुणी पाणीही देऊन जाई. त्यांतले कुणी शेजारी येऊन मात्र बसले नाही. तुमच्या रस्त्यात कुणाची आई अशी बसलेली दिसली, तर तिचा मुलगा अजून घरी आहे तोवर तिच्याजवळ जाऊन बसा.