कोपरा फाडलेलं कार्ड

गावात शुद्ध मराठी लिहिणारा मी एकटाच, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. मास्तर म्हणून आलो तेव्हापासून तापीकाठच्या या गावाची सगळी पत्रं माझ्याच हातून जात. त्यामुळे हिंमतरावांचं नवं ऑइल इंजिन रुसलं तेव्हा ते सरळ माझ्याकडे आले.

इंजिन अर्धा तास चालायचं आणि तापून बंद पडायचं. नंदुरबारचा शौकत मिस्त्री पाहून गेला. इंजिन थंड ठेवणारी नळीच बारीक आहे, म्हणाला. मोठी हवी, आणि ती कंपनीच देऊ शकते. चैत्र लागला होता. केळीला पाणी पुरत नव्हतं.

"मास्तर, लिखा," हिंमतराव म्हणाले, "इंजिन बंद पडी ऱ्हायनं, केळी सुकी ऱ्हायनी, मोठी नळी धाडा."

"असं लिहितात होय?" मी म्हणालो. पत्राला काही रीत असते. आधी क्षेमकुशल, मग चार चांगले शब्द, अडचण शेवटी. मी लिहिलं, आपल्या इंजिनाने आमचे गाव धन्य झाले, रनाळ्याहून माणसे ते पाहायला येतात. तीन पानं भरली. नळी ताज्या कलमात बसवली.

पंधरा दिवसांत उत्तर आलं, सोबत एक पुडकं. आपल्या प्रेमळ अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. पुडक्यात शंभर जाहिराती होत्या. त्यांवर माझ्या पहिल्या पानातल्या चार ओळी आणि खाली हिंमतरावांचं नाव. खरं सांगतो, मला आनंद झाला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

दुसरं पत्र लिहिलं. त्यात आधी जाहिरातीबद्दल आभार मानणं भाग होतं. आणखी शंभर जाहिराती आल्या.

मग एका दुपारी हिंमतरावांच्या पत्नी, जसोदाबाई, कोरं कार्ड घेऊन शाळेत आल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं.

"एकच ओळ लिखा. घात व्हयना, माणूस धाडा."

मी लिहिलं. खाली नाव आणि इंजिनाचा नंबर घातला. त्यांनी कार्ड हातातून घेतलं आणि सरळ त्याचा कोपरा फाडला. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मौतीची खबर. ते कुणी बाजूला ठेवत नाही, कुणी वरवर वाचत नाही.

"अहो, अशुभ आहे हे!" मी ओरडलो.

"शुभ तं तुम्ही दोनदाव लिखं."

आठव्या दिवशी कंपनीचा फिटर आला. टोपी हातात, आवाज खाली. ओट्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "कोण गेलं, बाई?"

"चाला, दखाडस."

त्या त्याला मळ्यात घेऊन गेल्या. मागे हिंमतराव, त्यांच्या मागे मी. केळी ओळीने माना टाकून उभ्या होत्या. घड धरलेल्या मधोमध मोडून पडल्या होत्या.

"ह्या गयात," जसोदाबाई म्हणाल्या. "सर्व्या."

फिटर इंजिनापाशी बसला. कार्डावरच्या नंबरावरून कंपनीने सोबत दिलेली मोठी नळी पेटीतून काढली आणि अर्ध्या तासात बसवली. एवढंच काम होतं. इंजिन संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. पाणी वाळलेल्या केळींच्या बुडाशी भरभरून जात राहिलं आणि आम्ही ते बघत राहिलो. मला स्वतःची लाज वाटली.

जाताना फिटरने छापील कागद काढला. तक्रार दूर झाल्याचं ग्राहकाने दोन ओळींत लिहून द्यायचं होतं.

जसोदाबाईंनी तो माझ्यापुढे केला. "लिखा मास्तर. आते तुम्हनं चांगलं चांगलं लिखा."

टाक शाईत बुडवला, पण मला एक शब्द सुचेना.